भिंतीतला नळ आणि घरमालकाचा विमा

भाड्याने दिलेल्या सदनिकेचा विमा उतरविताना आग, भूकंप आणि चोरी या ठळक संकटांची चौकशी घरमालक आवर्जून करतो. परंतु भिंतीच्या पोटातून गेलेल्या आणि आतून गंजत आलेल्या जुन्या लोखंडी नळाची विचारपूस सहसा कोणी करीत नाही. वास्तविक मुंबई-पुण्याच्या जुन्या इमारतींत वरच्या व खालच्या बिऱ्हाडांमध्ये जी भांडणे वर्षानुवर्षे धुमसत राहतात, त्यांतील पुष्कळशी याच नळापाशी उगम पावतात.

भारतीय विमा नियामक व विकास प्राधिकरणाने १ एप्रिल २०२१ पासून घरांसाठी ‘भारत गृह रक्षा’ ही एकाच मसुद्याची पॉलिसी देणे कंपन्यांना बंधनकारक केले, आणि तीत आग, वीज, पूर, दरड यांच्याच पंक्तीला पाण्याच्या टाक्या, यंत्रणा व नळ फुटणे किंवा भरून वाहणे ही आपत्तीही बसविली. तिच्यासाठी निराळा हप्ता पडत नाही. एवढे वाचून घरमालक निश्चिंत होतो. आणि नेमकी तेथेच त्याची गफलत होते. मध्यरात्री नळाचा सांधा सुटून खोलीत घोटाभर पाणी साचले, लाकडी कपाटे फुगली आणि विजेची जोडणी निकामी झाली, तर ती एक घटना असते. तिला दिवस असतो, वेळ असते, साक्षीदार असतात. तोच सांधा सहा महिने थेंब थेंब झिरपत राहिला, भिंतीला ओल आली, रंगाचे पोपडे सुटले आणि स्लॅबातील सळई गंजली, तर ती झीज आणि देखभालीतील हयगय ठरण्याचा संभव फार. अशा नुकसानीवर विसंबून दावा गुदरणाऱ्याच्या पदरी बहुधा निराशाच येते.

म्हणून पॉलिसी निवडताना हप्त्याची तुलना करण्यापूर्वी काही प्रश्न कंपनीला लेखी विचारून त्यांची उत्तरे दप्तरी ठेवावीत. गळती कोठे आहे हे शोधण्यासाठी फरशी किंवा भिंत फोडावी लागली, तर तो खर्च कोणाचा? ब्रिटनमधील घरमालकांच्या पॉलिसींत या शोधकार्यासाठी पुष्कळदा स्वतंत्र कलम असते; आपल्याकडे ते गृहीत धरू नये. पाणी गेलेले असता भाडेकरूने तोटी उघडी ठेवून घराला कुलूप लावले आणि दुपारी पाणी आले, तर त्या नुकसानीची वासलात कशी लागेल? घर भाड्याने दिले आहे ही गोष्ट कंपनीला आरंभीच कळवावी, कारण दडविलेली बाब दाव्याच्या वेळीच नेमकी उघडकीस येते.

विम्याची रक्कम बांधकामाच्या खर्चावरून ठरते, बाजारभावावरून नव्हे. जागेची किंमत तीत धरावयाची नसते. सहाशे चौरस फूट चटईक्षेत्र आणि फुटामागे अडीच हजार रुपये बांधकामखर्च धरला, तर इमारतीची रक्कम पंधरा लाख होते, आणि आतील सामानाला आपोआप तिच्या वीस टक्के, म्हणजे तीन लाखांचे संरक्षण मिळते. याची कमाल मर्यादा दहा लाख आहे. हे सामान मात्र मालकाचे. भाडेकरूच्या गाद्या-पुस्तकांसाठी त्याने स्वतःची पॉलिसी घ्यावी, हे त्याला करारनाम्याच्या वेळीच स्पष्ट सांगणे सभ्यपणाचे होय.

विम्यात आलेल्या आपत्तीने घर राहण्यास अयोग्य झाले, तर बुडालेल्या भाड्याची भरपाईही याच पॉलिसीत आहे, आणि भाड्यावरच ज्याचा चरितार्थ चालतो त्या सेवानिवृत्त मालकाला भिंतीच्या रंगापेक्षा तिचे मोल अधिक वाटावे. खालच्या शेजाऱ्याच्या छताचे जे नुकसान होते, त्याची भरपाई मात्र तीत नाही. ती शेजाऱ्याच्या विमा कंपनीने केली, तरी ती रक्कम तुमच्याकडून वसूल करण्यास ती कंपनी उभी राहू शकते. यासाठी त्रयस्थ व्यक्तीप्रती असलेल्या दायित्वाचे वेगळे संरक्षण घ्यावे लागते. माझ्या मते वरच्या मजल्यावरील मालकाने इतर सर्व शोभिवंत जोडण्या वगळाव्यात, पण ही एक वगळू नये.

सोसायटीचा विमा आहे, मग आपण कशाला, असा युक्तिवाद पुष्कळजण करतात. महाराष्ट्रातील आदर्श उपविधींप्रमाणे सोसायटीने इमारतीचा आग व भूकंप यांचा विमा उतरवावयाचा असतो; नळाचा उल्लेख तेथे नाही. गच्ची आणि सामाईक नळ यांची गळती दुरुस्त करणे सोसायटीचे काम. नहाणीघर, मोरी यांतून होणारी आतील गळती सभासदाच्या माथी. शिवाय महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ चे कलम १४ जागा सुस्थितीत ठेवण्याचे कर्तव्य मालकावर टाकते, आणि मालकाने टाळाटाळ केल्यास पंधरा दिवसांची नोटीस देऊन भाडेकरूला दुरुस्ती करून घेता येते व वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंत खर्च वळता करून घेता येतो.

नळ फुटलाच तर प्रथम मुख्य व्हॉल्व्ह बंद करावा, छायाचित्रे काढावीत, कंपनीला त्याच दिवशी कळवावे आणि सर्वेक्षक येईपर्यंत फुटलेला तुकडा फेकून देऊ नये. दावा नाकारला गेला आणि कंपनीच्या तक्रार विभागानेही दाद दिली नाही, तर विमा लोकपालाकडे एक वर्षाच्या आत तक्रार करता येते. त्याची कार्यालये मुंबई व पुणे येथे आहेत, आणि त्यासाठी शुल्क पडत नाही.