पळसावरची लाख, अमेरिकेतली भिंत

१९५०च्या दशकातला एखादा अमेरिकन ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे मोटारीमागे जोडून न्यायचं छोटं घर, डोळ्यांपुढे आणा. शास्टासारख्या कंपन्यांनी असे ट्रेलर भरपूर बनवले. आज हौशी माणसं ते जुन्यात घेतात. दार उघडावं तर बर्च प्लायवूडच्या भिंती काळवंडलेल्या, ओरखड्यांनी भरलेल्या. वाटतं, सगळं उपटून नवं लावावं.

पण उपटणार कसं? हे ट्रेलर आतून बाहेर बांधले जात! आधी तळ, त्यावर कपाटं आणि बाकं, मग भिंती, आणि ॲल्युमिनियमचा पत्रा सर्वांत शेवटी. कपाटांचे स्क्रूसुद्धा भिंतीच्या बाहेरच्या अंगाने मारलेले. आतली एक फळी नीट काढायची तरी आधी पत्रा सोलावा लागतो. खिसा हलका असेल तर आहे तेच लाकूड उजळवलेलं बरं.

कपाटाच्या आतल्या कोपऱ्यात डिनेचर्ड स्पिरिटचा बोळा घासून पाहा. पृष्ठभाग चिकट झाला? मग वर लाख आहे. आपले सुतार स्पिरिट पॉलिश म्हणून मारतात, तीच. ही लाख येते कुठून? पळस, कुसुम, बोरीच्या फांद्यांवर इवलासा किडा रस शोषतो आणि स्वतःभोवती राळ स्रवतो. ती खरवडून, वितळवून, ताणून तिचे पातळ पापुद्रे करतात. भारत हा या मालाचा मोठा पुरवठादार. रांचीत तर १९२४ पासून लाखेवर संशोधन चाललंय. अमेरिकन सहलीच्या घराचा तो मधाळ रंग आपल्या जंगलातल्या किड्याची करामत!

आता खरी जादू. पॉलियुरेथेनचा नवा थर सुकलेल्या जुन्यावर नुसता बसतो. लाखेचं तसं नाही. नव्या थरातलं स्पिरिट जुन्याला विरघळवतं आणि दोन्ही एकजीव होतात. थिजलेल्या तुपावर गरम तूप ओतल्यावर सांधा कुठे दिसतो? म्हणून सगळं खरवडायची गरजच नाही. साबणाच्या ओलसर फडक्याने मळ काढा, वाळू द्या, हलका पॉलिशपेपर फिरवा आणि एक पातळ हात मारा. वरवरचे ओरखडे त्यातच मिटतात. खिडक्या मात्र उघड्या ठेवा, गॅस बंद. स्पिरिटची वाफ भडकते.

डाग लाकडात खोल मुरले असतील तर रंगच द्यावा, पण आधी लाखेचा प्रायमर. तो डाग अडवतो, वर्षानुवर्षांचा कुबट वासही कोंडून ठेवतो. अर्थात छताची गळती त्याआधी थांबवायची, नाहीतर सगळं पाण्यात!

जेवणाच्या टेबलाला मात्र लाख नको. गरम कप ठेवला की पांढरं कडं उमटतं, आणि व्हिस्की सांडली तर पॉलिश पुन्हा विरघळायला लागतं.