यादीबाहेरचा वारसा

बडोदे जिल्ह्यातील सावली हे गाव मराठी माणसाने विसरावे असे नाही. १७३२ साली डाकोर येथे, गुजरातचा मोगल सुभेदार अभयसिंह याच्या माणसांनी पिलाजीराव गायकवाडांचा विश्वासघाताने खून केला, तेव्हा त्यांचा अंत्यविधी सावलीस झाला. त्यांचे स्मारक तेथे आहे. ते जमिनीला खिळलेले, म्हणून राहिले. पिलाजीरावांच्या वंशजांनी जमविलेली रत्ने मात्र समुद्रापार गेली.

त्यांतील सर्वांत विलक्षण वस्तू म्हणजे मोत्यांचा गालिचा. खंडेराव महाराजांनी १८६५ च्या सुमारास तो करविला, तो मदिनेतील प्रेषितांच्या कबरीस वाहण्यासाठी, असे परंपरा सांगते. एका हिंदू राजाची ही भक्ती कोणास चमत्कारिक वाटेल. आम्हांस ती त्या काळाची शोभा वाटते. १८७० मध्ये महाराज निवर्तले आणि गालिचा बडोद्यासच राहिला. पुढे प्रतापसिंहरावांच्या द्वितीय पत्नी सीतादेवी मोनॅकोत राहू लागल्या; गालिचाही तिकडे गेला. २००७ मध्ये बडोद्याच्या ६८ मोत्यांचा दुपदरी हार न्यूयॉर्कला सुमारे ७१ लाख डॉलरना विकला गेला, आणि २००९ मध्ये गालिचा दोहा येथे सुमारे ५५ लाख डॉलरना.

ही संपत्ती राजाची की रयतेची? ती शेतसाऱ्यातून उभी राहिली हे खरे. पण न्यायालयात भावनेस पुरावा लागतो, आणि तो निर्माण करण्याची वेळ आपण दवडली. बडोदे संस्थान १ मे १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन झाले. विलीनीकरणाच्या अशा करारांत राजाकडून खाजगी मालमत्तेची यादी मागितली जाई, ती स्थावर मिळकत, रोखे आणि रोकड यांची. जडजवाहिराचा त्यात उल्लेख नसे. पुढे १९७२ चा पुरावस्तू व कलानिधी कायदा आला आणि १९७६ मध्ये अंमलात आला. त्याने शंभर वर्षांवरील पुरावस्तू खाजगी व्यक्तीस परदेशी पाठविण्यास बंदी केली; परंतु नोंदणीची सक्ती मुख्यतः मूर्ती, चित्रे, सचित्र पोथ्या यांपुरतीच ठेवली. दागिने पुन्हा यादीबाहेरच!

परदेशच्या न्यायालयात निर्यातबंदीचा कायदा दाखवून भागत नाही, मालकी सिद्ध करावी लागते. माओरी कोरीवकामाचा एक नमुना न्यूझीलंडमधून बेकायदा बाहेर नेऊन लंडनच्या लिलावात मांडला गेला, तेव्हा तेथील सरकारने दावा लावला. १९८३ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने तो फेटाळला. बेकायदा निर्यात झाली एवढ्याने वस्तू सरकारची होत नाही. ती देशातच प्रत्यक्ष जप्त झाली असती तरच मालकी बदलली असती, असा त्या निकालाचा आशय होता.

निजामाच्या जवाहिराची कथा निराळी आहे, कारण तेथे सरकार वेळेवर उभे राहिले. विश्वस्तांनी विक्रीचा घाट घातला, वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, वर्षे लोटली. पण १९९५ मध्ये १७३ नग सुमारे २१८ कोटी रुपयांस भारत सरकारने विकत घेतले. ही रक्कम तेव्हा अनेकांस डोईजड वाटली. आम्हांस ती वाटत नाही. १९७२ च्या कायद्यातच मोबदला देऊन सक्तीने संपादन करण्याची तरतूद आहे. ज्या घरमालकास आपण 'हे बाहेर विकू नकोस' असे बजावतो, त्याला देशात योग्य भाव देण्याचे दायित्व आपल्याकडे येते. नुसती बंदी असली की तिजोऱ्या बंद होतात आणि मागचे दार उघडते.

उशिरा का होईना, २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनाने नागपूरकर रघुजी भोसल्यांची तलवार लंडनच्या लिलावातून ४७ लाखांवर रक्कम मोजून सोडवून आणली. लिलावाची बातमी येते तेव्हा तार करण्यापेक्षा हे बरे. परंतु आमची मागणी त्याआधीची आहे. मुंबई व गांधीनगर या दोन्ही सरकारांनी आपापल्या राज्यांतील जुन्या संस्थानांच्या दफ्तरांतील जामदारखान्याच्या याद्या छापाव्यात, घराण्यांना नोंदणीसाठी बोलवावे आणि त्यासाठी अंदाजपत्रकात वेगळी रक्कम ठेवावी. प्रारंभ बडोद्यापासून करण्यास हरकत नाही; सावलीचे स्मारक तेथून फार दूर नाही.