वेताळ टेकडीचे पाणके

पुण्यात कुणी 'टेकडीवर जाऊन येतो' म्हटले की कोणती टेकडी हे त्याच्या पत्त्यावरून ओळखायचे. फर्ग्युसनच्या बाजूचा माणूस हनुमान टेकडी चढतो, सहकारनगरचा तळजाईला जातो. पाषाण, पंचवटी, गोखलेनगर, लॉ कॉलेज रस्ता आणि कोथरूड यांच्यामध्ये आडवी पसरली आहे ती वेताळ टेकडी. शहरातली ही सर्वांत उंच जागा. समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर, म्हणजे नदीकाठच्या पुण्याहून साधारण अडीचशे मीटर वर. माथ्यावर वेताळबाबाचे देऊळ आहे, अंगावर जुन्या दगडखाणी आहेत आणि रोज सकाळी तिच्या पायवाटांवर निम्म्या पेठांएवढी वर्दळ असते.

या वर्दळीत काही जण फिरायला आलेले नसतात. त्यांच्या दोन्ही हातांत तेलाचे पाच लिटरचे कॅन असतात. म्हणजे एकेकाळी तेलाचे होते, आता पाण्याने भरलेले. ही मंडळी बहुधा निवृत्त असतात, काही नोकरदार, सुट्टीच्या दिवशी कॉलेजची मुले. पायवाट सोडून ती आपापल्या झाडांपाशी जातात. झाडे कुणी वाटून दिलेली नसतात. पाणी घालता घालता आपली होऊन गेलेली असतात.

हे पाणी का लागते, ते टेकडीची जमीन पाहिल्यावर कळते. वर मातीचा थर वीतभर, खाली मुरूम, त्याखाली काळा बसाल्ट. पुण्याचा पाऊस वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर आणि तोही बहुतेक जून ते सप्टेंबरात. जुलैत लावलेले रोप दिवाळीपर्यंत मजेत असते. त्याची खरी परीक्षा फेब्रुवारीत सुरू होते. म्हणून कामाचा बहुतेक भाग लावण्याचा नसून जगवण्याचा असतो. आळे करायचे, त्यात पालापाचोळ्याचे आच्छादन घालायचे, झाकणाला भोक पाडलेली बाटली बुंध्याशी उलटी रोवून ठेवायची. असे दोन-तीन उन्हाळे काढले की मग मुळे आपली वाट शोधतात. वृक्षारोपणाच्या फोटोत दहा हात एका रोपाला लागलेले असतात. मार्चमध्ये त्या रोपापाशी एकच माणूस येतो. टेकडी त्या एकाच्या जिवावर उभी आहे, असे माझे मत आहे.

मात्र हिरवे दिसते ते सगळेच टेकडीचे नाही. गेल्या शतकाच्या उत्तरार्धात उघड्या पडलेल्या पुण्याच्या टेकड्यांवर मोठ्या प्रमाणात गिरिपुष्प, म्हणजे ग्लिरिसिडिया लावले गेले. मूळ मध्य अमेरिकेतले हे झाड खडकाळ जमिनीत तग धरते आणि झपाट्याने वाढते. हिरवाई लवकर आली. पण त्याच्या दाट गर्दीत इथल्या झाडांना आणि गवताला जागा उरली नाही. टेकडीची स्वतःची मंडळी वेगळी: मोई, सालई, मेडशिंग, पांगारा, उन्हाळ्याच्या तोंडी निष्पर्ण फांद्यांवर पिवळीजर्द फुले उघडणारी गणेर. यांतली बरीच झाडे सावकाश वाढतात, निम्मे वर्ष वाळल्यासारखी दिसतात आणि नवख्याला काही लावल्याचे समाधान देत नाहीत. जाणत्या गटांनी आता हीच रोपे हाती घेतली आहेत.

त्याहून अवघड धडा गवताचा. माथ्यावरचे कुसळीचे माळ अनेकांना 'रिकामी जागा' वाटतात आणि तिथे वड-पिंपळ लावावे अशी ऊर्मी येते. ती आवरली पाहिजे. पहिल्या पावसानंतर याच माळावर कुळीची पांढरी फुले येतात, जमिनीवरची ऑर्किड उगवतात, चंडोल गवतात घरटे करतो. तिथे खड्डे खणून सावली आणणे हे झाडांवरचे प्रेम असेल, टेकडीवरचे नव्हे. काहीही न लावता जागा राखणे हेही कामच आहे, फक्त त्याचा फोटो निघत नाही.

गवत वाळले की आगीची धास्ती. एक जळती विडी किंवा पार्टीनंतर न विझवलेली शेकोटी तीन उन्हाळे जगवलेली रोपे तासाभरात संपवते. म्हणून वेळीच गवत काढून जाळरेषा आखायच्या असतात. रविवारी गोणी घेऊन बाटल्या आणि काचा वेचणारे वेगळेच. बाटल्या टाकणारेही टेकडीवर प्रेम करतात म्हणे, सूर्यास्त पाहायला येतात.

दुसरी धास्ती नकाशावरची आहे. बालभारती ते पौड फाटा या टेकडीच्या अंगावरून जाणाऱ्या रस्त्याचा प्रस्ताव वर्षानुवर्षे गाजतो आहे, न्यायालयापर्यंत गेला आहे. बोगद्यांचीही चर्चा झाली. एप्रिल २०२३ मध्ये टेकडी वाचवण्यासाठी पुणेकर मोर्चाने रस्त्यावर उतरले. कोथरूडची वाहतूक कोंडी खोटी नाही, रस्ता मागणाऱ्यांना झोडपण्यात अर्थ नाही. पण टेकडीवर मुरणारे पावसाचे पाणी भोवतालच्या वस्त्यांचे भूजल भरते आणि खोदलेला उतार परत बांधता येत नाही, हे हिशेबात धरायला हवे. त्या मोर्चात पाण्याचे कॅन वाहणारी मंडळी होतीच. ज्याने झाड जगवले आहे, त्याला त्या जागेवर बोलण्याचा अधिकार कुणाकडे मागावा लागत नाही.

जायचे असेल तर पंचवटी, गोखलेनगर, लॉ कॉलेज, एआरएआय या वाहन संशोधन संस्थेचा रस्ता, कुठूनही चढता येते. सकाळी लवकर गेलात तर मोर हमखास ऐकू येतील. काडेपेटी घरी ठेवा. स्वतःच्या मनाने रोप नेऊन लावू नका. तिथे काम करणाऱ्यांना आधी विचारा. आणि फेब्रुवारी ते मे या काळात जाणार असाल, तर आपल्या पिण्याव्यतिरिक्त दोन लिटर पाणी जास्तीचे न्या. कुठे घालायचे ते वर कोणीही सांगेल.