मुका, बहिरा आणि बी.ए.चा वर्ग

दिव्यांगांच्या हक्कांचा 2016चा कायदा बहुतेकांना आरक्षणापुरता माहीत असतो. सरकारी नोकरीत चार टक्के, उच्च शिक्षणात पाच टक्के. त्याच कायद्यातल्या 39व्या कलमाकडे मात्र फारसे कोणी वळत नाही. दिव्यांगांचे हक्क शाळा, महाविद्यालये आणि विद्यापीठे यांच्या अभ्यासक्रमात येतील हे शासनाने पाहावे, असे ते कलम सांगते. 47वे कलम पुढे जाऊन शिक्षक, डॉक्टर, परिचारिका यांच्या शिक्षणातही हा घटक घालायला लावते. वाचायला हे सोपे आहे. पण उद्या छत्रपती संभाजीनगरातल्या एखाद्या महाविद्यालयात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला ‘अपंगत्व अभ्यास’ हा विषय लावायचा ठरला, तर पहिल्या तासाला मुलांपुढे काय ठेवायचे?

आपल्याकडची सरावाची वाट म्हणजे व्याख्या, प्रकार, कारणे, शासकीय योजना. 1995च्या कायद्यात सात प्रकार होते, 2016च्या कायद्यात एकवीस झाले. मुले ती यादी पाठ करतील आणि उत्तीर्ण होतील. अपंगत्व म्हणजे दुसऱ्या कोणाची तरी वैद्यकीय अडचण, ही मूळ समजूत मात्र जागची हलणार नाही. दुसरी वाट पाश्चात्त्य सिद्धांताची. 1976 साली इंग्लंडमधल्या ‘यूपियास’ या अपंगांनीच चालवलेल्या संघटनेने मांडले की शरीरातली उणीव वेगळी आणि अपंगत्व वेगळे. पाय अधू असतात, पण माणसाला अपंग करतो तो समाज. 1983मध्ये माइक ऑलिव्हर यांनी या विचाराला ‘सामाजिक प्रारूप’ हे नाव दिले. हे शिकवलेच पाहिजे. मात्र सुरुवात तिथून केली, तर सगळा विषय बाहेरून आणलेला वाटतो आणि मुले वहीत नावे उतरवून मोकळी होतात.

माझ्या मते सुरुवात पैठणहून करावी.

पैठण इथून पन्नासेक किलोमीटरवर. नाथषष्ठी या भागातल्या मुलांना सांगावी लागत नाही आणि भारूड म्हणजे काय हेही समजावावे लागत नाही. एकनाथांनी (1533–1599) जोशी, वासुदेव, गोंधळी अशी कितीतरी सोंगे घेऊन लोकांशी संवाद केला. त्या सोंगांच्या रांगेत मुका आणि बहिराही उभे आहेत. ‘मुका’मधला माणूस एके काळचा मोठा पंडित. वेद, शास्त्रे, पुराणे सगळे मुखोद्गत. गर्व झाला, संतांची निंदा केली आणि वाचा गेली. ‘बहिरा’मधला माणूस तर आईच्या गर्भातच बहिरा झाला; कारण काय, तर त्याने हरिकीर्तन ऐकले नाही, पुराण ऐकले नाही. जन्माला येण्याआधीच्या माणसाने कीर्तन टाळले, म्हणजे हिशेब मागच्या जन्माचा.

वर्गात प्रश्न टाकावा : या भारुडांत टिंगल कोणाची आहे? पहिले उत्तर बहुधा ‘मुक्याची, बहिऱ्याची’ असे येईल. मग पुन्हा वाचायला लावावे. नाथांचा रोख धडधाकट माणसावर आहे. ज्याचे कान शाबूत आहेत तरी जो ऐकत नाही, ज्याची जीभ चालते पण भलतीकडेच चालते, त्याला ते चिमटा काढतात. बहिरेपण ही उपमा आहे. इथवर आले की वर्ग सुटकेचा श्वास टाकतो आणि नेमके इथेच थांबून चालत नाही. ही उपमा कशाच्या जोरावर उभी राहते? बहिरेपण हे पापाचे फळ, ही समजूत ऐकणाऱ्याच्या मनात आधीपासून असते म्हणून. ती काढून घेतली तर भारुडातला चिमटा बसत नाही. शिवाय ज्याला खरोखर ऐकू येत नाही, असा माणूस या भारुडात कुठेच नाही. भारूड ऐकायलाही तो नाही.

डेव्हिड मिचेल आणि शेरॉन स्नायडर या अमेरिकी अभ्यासकांनी 2000 साली ‘नॅरेटिव्ह प्रोस्थेसिस’ या पुस्तकात याच गोष्टीला नाव दिले. साहित्य अपंग शरीराचा कुबडीसारखा आधार घेते; तिच्या बळावर गोष्ट चालू लागते, पण ज्याचे ते शरीर त्याच्या जगण्याकडे गोष्टीचे लक्ष नसते. हा सिद्धांत नुसता सांगायला गेले तर तास पुरत नाही. ‘बहिरा’ वाचून झाल्यावर तो चटकन कळतो.

याचा अर्थ नाथांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करायचे असा नाही. सोळाव्या शतकातल्या संताला एकविसाव्या शतकातला कायदा लावणे ही निव्वळ हौस झाली. उलट, त्यांच्याच जोहाराच्या भारुडांशी तुलना करावी. तिथे गावकुसाबाहेरचा महार मायबापांना जोहार घालून चार शहाणपणाच्या गोष्टी सुनावतो. सोंग खालच्या मानलेल्या माणसाचे, पण अधिकार त्याच्याकडे. मुक्या-बहिऱ्याच्या सोंगात तसे होत नाही. तिथे शरीरच अपराधाचा पुरावा ठरते. एवढ्या उदार कवीलाही ही समजूत ओलांडावीशी का वाटली नाही, यावर मुलांनी दोन पाने लिहावीत.

त्यानंतर रोजची भाषा. ‘आंधळं दळतं, कुत्रं पीठ खातं’, ‘वासरात लंगडी गाय शहाणी’, लंगडी सबब, आंधळा कारभार. यादी मुलेच करतील, आणि ती थांबवावी लागेल. शब्दांच्या वादाला इथेच जागा आहे. अपंग, विकलांग आणि डिसेंबर 2015मधल्या ‘मन की बात’नंतर सरकारी कागदावर रुळलेला ‘दिव्यांग’. या शब्दामागचा हेतू सन्मानाचाच आहे. पण शरीर ही देवाने दिलेली शिक्षा आहे असे म्हणणे आणि ती देवाने दिलेली दिव्य देणगी आहे असे म्हणणे, यांत वाटते तेवढे अंतर नाही. दोन्हीकडे हिशेब देवाच्या वहीतच राहतो. जिना बांधणाऱ्या माणसाला कोणी जाब विचारत नाही.

तो जाब विचारायला शिकवणारी परंपराही याच शहरात आहे. 1950मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने इथे महाविद्यालय काढले, तेच पुढचे मिलिंद. इथूनच गंगाधर पानतावणे यांनी ‘अस्मितादर्श’ चालवले. विद्यापीठाच्या नावासाठीचा लढा 14 जानेवारी 1994 रोजी नामविस्तारापाशी आला. नागसेनवनाच्या आसपास वाढलेल्या मुलाला, हीनपणा माणसाच्या देहात नसतो, तो पाणवठ्यावर आणि देवळाच्या दारात तयार केला जातो, हे घरातूनच कळलेले असते. त्याला सामाजिक प्रारूप समजावताना ऑलिव्हरचे नाव नंतर घेतले तरी चालते. बंद पाणवठा आणि उताराची वाट नसलेली इमारत एकमेकांशेजारी ठेवली की काम होते.

पण ही तुलना एका टोकाला तुटते आणि ते लपवू नये. जातीचा जाच समाजाने थांबवला तर जात म्हणून शरीरात दुखत काहीच राहत नाही. मज्जारज्जूला इजा झालेल्या माणसासाठी साऱ्या इमारतींना उतार बांधले तरी त्याच्या पाठीवरच्या जखमा राहतातच. इथे नसीमा हुरजूक यांचे ‘चाकाची खुर्ची’ लावावे. ऐन तरुणपणी पायांतली शक्ती गेलेल्या आणि पुढे कोल्हापुरात अपंगांची संस्था उभी केलेल्या या बाईंचे आत्मकथन शरीराचे दुखणे आणि समाजाचे अडथळे यांतले एकही वगळू देत नाही. सोनाली नवांगुळ यांचे उदाहरण वेगळ्या कारणासाठी घ्यावे. साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार त्यांना सलमा यांच्या तमिळ कादंबरीच्या अनुवादासाठी, ‘मध्यरात्रीनंतरचे तास’साठी मिळाला. चाकाच्या खुर्चीतल्या लेखिकेने खुर्चीबद्दलच लिहावे ही आपली अपेक्षा असते. दलित लेखकाने फक्त वेदनाच लिहावी, या जुन्या अपेक्षेची ती बहीणच.

आकडेवारीला एक तास पुरे. 2001च्या जनगणनेने देशात 2.19 कोटी अपंग मोजले; लगेच पुढच्या वर्षी राष्ट्रीय नमुना पाहणीने सुमारे 1.85 कोटी. 2011ची जनगणना म्हणते 2.68 कोटी, म्हणजे 2.21 टक्के, त्याच वर्षीचा जागतिक आरोग्य संघटनेचा अहवाल जगासाठी सुमारे 15 टक्के म्हणतो. कोणी खोटे बोललेले नाही. प्रत्येकाने विचारलेला प्रश्न निराळा होता.

कायदा शेवटी घ्यावा, तोही खटल्यातून. अनेक सवलतींसाठी प्रमाणपत्रावर किमान 40 टक्के अपंगत्व लागते. विकास कुमार या उमेदवाराचा हात लिहिताना आखडत असे. पण तो या मोजमापात बसत नाही म्हणून लोकसेवा आयोगाने त्याला लेखनिक नाकारला. 11 फेब्रुवारी 2021 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की लेखनिक ही वाजवी सोय आहे आणि तिच्यासाठी 40 टक्क्यांची अट घालता येणार नाही. निकाल न्या. धनंजय चंद्रचूड यांनी लिहिला. परीक्षा देणाऱ्या मुलांना हा खटला समजायला वेळ लागत नाही. त्यांच्यातल्या काहींनी कोणासाठी तरी लेखनिक म्हणून पेपर लिहिलेला असतो.

अंतर्गत गुणांसाठी निबंध नको, मोजपट्टी द्यावी. महाविद्यालयाच्या फाटकापासून ग्रंथालयाच्या टेबलापर्यंतची वाट मुलांनी मोजावी : पायऱ्या किती, दाराची रुंदी किती, स्वच्छतागृहात चाकाची खुर्ची वळते का. उताराच्या वाटेला एक फूट उंचीमागे बारा फूट लांबी हे मान्य प्रमाण आहे. म्हणजे सहा-सहा इंचांच्या तीन पायऱ्यांसाठी अठरा फूट. तपासणी-समिती येण्याआधी घाईने ओतलेला सिमेंटचा उतार पट्टी लावून पाहावा, आणि आलेला आकडा प्राचार्यांच्या नावे अर्जात लिहून आवक-जावक विभागाचा शिक्का घेऊन यावा. गुण त्या शिक्क्याच्या प्रतीवर.