फौजी माणसाची हकीकत कशी ऐकावी

बेळगावात मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र असल्यामुळे पेन्शनीत आलेला फौजी आपल्या ओळखीचा नाही, असे घर विरळाच. तरी त्यांच्या हकीकती आपल्या कानी फारशा येत नाहीत. दोष पुष्कळसा ऐकणाऱ्याचा. आपला पहिलाच प्रश्न, "शत्रूची किती माणसे मारलीत?" मग सुभेदारसाहेब पानाला चुना लावतात आणि पाऊसपाण्याचा विषय काढतात!

याच रेजिमेंटचे शिपाई नामदेव जाधव घ्या. ९ एप्रिल १९४५ रोजी इटलीत सेनिओ नदीवर त्यांनी दोघा जखमींना एकामागून एक खोल पाण्यातून व सुरुंगांच्या पट्ट्यातून सुखरूप नेले. पुढे स्वतःच्या हाताला जखम झाली, तेव्हा बंदूक टाकून हातबॉम्बांनी मशीनगनच्या दोन चौक्या बंद पाडल्या. त्याबद्दल व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. हे सारे सरकारी कागदात आहे. पाणी किती गार होते, खांद्यावरचा जखमी काय बोलला, हे मात्र कागदात नाही.

म्हणून साधे विचारावे. भरती कोठे झाली, लंगरात काय मिळे, घरचे पत्र किती दिवसांनी पोचे. बोलता बोलता ते थांबले तर थांबू द्यावे. राहिलेले कदाचित दिवाळीत सांगतील. पलटण, साल व ठिकाण त्याच रात्री वहीत टिपावे. १९७१ च्या लढाईतील जवानही आता सत्तरी ओलांडून गेले आहेत.

नातवंडांना जवळ बसू द्यावे. ओले बूट कसे वाळवीत, हे त्यांनाच विचारावेसे वाटते, आणि आजोबांनाही तेच सांगायला आवडते.