लेथची जोडसाधने : कोणती स्वतः बनवावीत, कोणती विकत घ्यावीत?

भिवंडी, मालेगावसारख्या गावांत कापडाचा धंदा यंत्रमागावर चालतो आणि यंत्रमाग लेथवाल्याच्या भरवशावर. मागाचा एक बुश झिजला की माग बंद पडतो. नवा बुश येईपर्यंत विणकराची मजुरी थांबते आणि आमच्यासारख्या व्यापाऱ्यांचा मालही अडतो. म्हणून आम्ही कापडवाले असूनही हा विषय मांडत आहोत.

बऱ्याच छोट्या कारखान्यांत लेथबरोबर एक थ्री-जॉ चक आणि दोन सेंटर एवढेच सामान असते. बाकीची साधने महाग म्हणून घेतली जात नाहीत. मग जॉब अंदाजाने धरला जातो आणि तिरका निघाला की भंगारात जातो. वास्तविक लेथ हे स्वतःची साधने स्वतः बनवू शकणारे मशीन आहे. फावल्या वेळात पुढील चार वस्तू बनवाव्यात.

१) मँड्रेल : बुशचा आतला व बाहेरचा गोल एकाच केंद्रावर हवा असेल तर मँड्रेल पाहिजे. चांगल्या पोलादी बारच्या दोन्ही टोकांना सेंटर-होल पाडून, दोन सेंटरमध्ये धरून तो टर्न करावा. त्याला अगदी थोडा उतार ठेवावा, १०० मि.मी. लांबीत जाडीचा फरक ०.०५ मि.मी. पुरे. भोक पाडलेला बुश त्यावर घट्ट बसतो आणि मग बाहेरून कापता येतो.

२) फाटीचा बुश : तयार शाफ्ट चकमध्ये धरला की जॉचे वळ उठतात. त्यासाठी पितळेचा किंवा ॲल्युमिनियमचा तुकडा चकमध्ये धरून शाफ्टच्या मापाचे भोक पाडावे, १ नंबरच्या जॉसमोर खूण करावी, मग काढून एका बाजूने लांबीत करवतीने चिरावा. पुन्हा लावताना खूण त्याच जॉसमोर ठेवावी. शाफ्ट सरळ धरला जातो आणि वळही उठत नाहीत.

३) डाय-होल्डर : हाताने आटे पाडले तर ते तिरके जातात. टेलस्टॉकमध्ये टेपर शँक, त्याला पुढे सरळ दांडा, आणि दांड्यावर सरकणारी नळी, जिच्या तोंडात डाय बसते, एवढीच ही रचना. शँकसाठी मोडक्या टेपर-शँक ड्रिलचे मागचे टोक कामाला येते. ते सहसा धारेच्या भागाइतके कडक नसते.

४) स्टॉप : बेडवर बोल्टने आवळायचा लोखंडी ठोकळा. एकाच लांबीचे पन्नास तुकडे करायचे असतील तर प्रत्येक वेळी माप घ्यावे लागत नाही. मात्र ऑटो फीड चालू असताना सॅडल स्टॉपवर आदळू देऊ नये, गिअर तुटतात. शेवटचा थोडा भाग हाताने न्यावा.

आता काय बनवू नये तेही सांगितले पाहिजे. चक स्वतः बनवण्याच्या भानगडीत पडू नये. तो विकत घ्यावा. भंगारातल्या बिडाच्या तुकड्याची बॅक-प्लेट करू नये. बिडात आत तडा असला आणि वेग वाढला तर ते फुटून उडते. चांगल्या बिडाची बॅक-प्लेट घेऊन तिचे शेवटचे फिनिशिंग मात्र आपल्याच स्पिंडलवर करावे, तरच ती सरळ फिरेल.

पैशाच्या बचतीपेक्षा हात-डोळे मोलाचे आहेत. कुर्त्याच्या सैल बाह्या, अंगठी, हातमोजे घालून लेथवर उभे राहू नये. चकची चावी चकमध्ये विसरू नये. शिकाऊ मुलाला पहिल्या दिवशी चष्मा द्यावा, हत्यार नंतर.

हजरत दाऊद अलैहिस्सलाम यांच्यासाठी अल्लाहने लोखंड मऊ केले आणि चिलखताच्या कड्या मापात जुळवण्याचा हुकूम दिला, हे कुरआन शरीफात आले आहे. लोखंडाच्या कारागिराला याहून मोठी सनद कोणती? माप बरोबर असेल तर गिऱ्हाईक टिकते आणि रोजीत बरकत होते. या महिन्यात एक मँड्रेल तरी बनवून पाहावा.