‘मला घरी सोड’

दिवेलागणी झाली, की आमच्या मातोश्री पदराला सुटे पैसे बांधून दाराशी येत आणि म्हणत, “अरे, मला घरी सोड. आप्पा वाट बघत असतील.” आप्पा म्हणजे त्यांचे वडील. ते १९५८ साली वारले. वाईचे माहेरघर विकूनही पुष्कळ वर्षे झाली होती. आणि पुण्याच्या ज्या घरातून त्या निघू पाहत होत्या, त्यात त्यांनी चाळीस वर्षे संसार केला होता.

आम्ही शिकलेसवरलेले. पुरावा दाखवला की माणसाला पटते, अशी आमची समजूत. आम्ही विजेचे बिल त्यांच्यापुढे ठेवले. चष्मा लावून त्यांनी ते वाचले. “नाव माझंच आहे,” त्या म्हणाल्या, “पण आता उशीर होतोय. चल.” दुसऱ्या दिवशी आम्ही ह्याहून मोठी चूक केली. आप्पा केव्हाच गेले, असे सांगून टाकले. मातोश्री मटकन खाली बसल्या आणि जणू त्याच क्षणी तार आली असावी, तशा रडल्या. तासाभराने रडण्याचे कारण विसरल्या; पण जेवल्या नाहीत.

ह्यात नवल नाही. अल्झायमरच्या रोग्यांना दुःखी चित्रपटांतील प्रसंग दाखवून अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात अभ्यास झाला, तो २०१४ साली प्रसिद्ध झाला. प्रसंग विसरले, तरी खिन्नता मागे उरली, असे त्यात दिसले. स्मृतिभ्रंशाच्या ह्या सर्वांत मोठ्या प्रकाराचे वर्णन आलोइस अल्झायमर ह्या जर्मन वैद्याने १९०६ साली ट्यूबिंगेनच्या सभेत प्रथम केले. नव्या आठवणी नोंदवणारा हिप्पोकॅम्पस नावाचा मेंदूचा भाग ह्यात लवकर झिजतो. म्हणून अलीकडचे आधी पुसले जाते, बालपणीचे मागे राहते. चाळीस वर्षांचे सासर गेले, माहेर उरले! त्यातच सायंकाळी थकवा येतो, सावल्या लांबतात, खोली परकी वाटू लागते.

तेव्हा ‘घर’ हा पत्ता नव्हे, हे आम्हांला उशिराच उमगले. जन्मल्या घरातच राहणारी माणसेही घरी जायचे म्हणतात. जेथे भीती वाटत नाही, जेथे आपले कोणी आहे, ते ठिकाण ती मागत असतात. मग आम्ही वाद सोडला. “आई, आप्पांची आठवण येतेय का गं? ते संध्याकाळी काय करायचे?” एवढे विचारले, की कृष्णेचा घाट, आप्पांचे पाय धुणे, आजीचा मऊ भात, सारे निघे. कधी चपला घालून कोपऱ्यापर्यंत जाऊन येत असू. एकदा परतताना जिन्यात त्या म्हणाल्या, “तू आता मुक्कामालाच राहा हो. अंधार पडलाय.”

हे खोटे बोलणे नव्हे काय, असे कोणी विचारील. “उद्या नेतो” असे आम्हीही अगतिकपणे म्हटले आहे. त्याचे समर्थन आम्ही करीत नाही. परंतु आठवण विचारण्यात खोटे काहीच नाही. आणि आप्पा जिवंत आहेत, असे आम्ही कधी म्हटले नाही.

मात्र प्रत्येक वेळी मनातच कारण शोधू नये. तहान, लघवीची घाई, बद्धकोष्ठ, दुखणारा दात हेही ‘घरी चल’ ह्याच शब्दांत बोलतात. भ्रम एकाएकी वाढला, तर मूत्रमार्गाच्या संसर्गासारखे कारण असू शकते. वैद्याला त्याच दिवशी दाखवावे. दिवे अंधारापूर्वीच लावावेत. शेजाऱ्यांना आणि कोपऱ्यावरच्या वाण्याला कल्पना देऊन ठेवावी. संकोच करू नये. आणि नाव व फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी कपड्यांत आतून शिवून टाकावी. पदराला बांधलेली चिठ्ठी आमच्या मातोश्री सोडून टाकीत आणि तेथे पैसे बांधीत.